नदीपल्याडचं बाळंतपण

एक सांगते, किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तीन माणसं रोज भल्या सकाळी एकाच गाडीत बसली, त्यातली दोन पेंगत असली आणि वाटेत एक आंतरराष्ट्रीय सीमा असली, की सीटखाली चिवड्याचा चुरा साचतो तसे ते आपोआप साचत जातात. पुढे ती गाडी विकली तेव्हा चुरा झाडून टाकला. किस्से राहिले. आता कोणी जेवायला आलं की मी सुरू होते आणि माझा नवरा उठून ताटं उचलायला लागतो, कारण त्याला सगळे पाठ आहेत.

आधी भूगोल सांगून टाकते. २००३ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही राहायचो कॅनडात, विंडसरला. नवे इमिग्रंट, घरात फर्निचर म्हणून दोन गाद्या आणि एक इस्त्रीचं टेबल. नोकरी मात्र अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला. मधे एक रुंद नदी. अलीकडे विंडसर, पलीकडे डेट्रॉइट, आणि तिथून पुढे तासभर हायवे. अमेरिकेत लेऑफ सुरू झाले तेव्हा आमच्यासारख्या बऱ्याच जणांनी घाबरून कॅनडाची पर्मनंट रेसिडेन्सी घेतली होती. ती टिकवायची तर कॅनडात राहायला हवं, आणि खायचं काय, तर त्यासाठी अमेरिकेत यायला हवं! म्हणजे सकाळी परदेशी जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं, तर घर हेही परदेशच.

गंमत म्हणजे त्या ठिकाणी नदी अशी काही वळलीय, की कॅनडातून अमेरिकेला जायला उत्तरेकडे जावं लागतं. मला शेवटपर्यंत ते पटलं नाही. आजही स्वप्नात तो पूल आला की मी चुकीच्या दिशेला निघालेली असते, आणि तरी पोचते बरोबर.

मिनीव्हॅन माझी, म्हणून ड्रायव्हर मी. शेजारी प्रशांत, नाशिकचा, शब्द मोजून वापरणारा. मागच्या सीटवर भालचंद्र ऊर्फ भाल्या, नागपूरचा, झोपलेला.

*

सांगलीला माझ्या सासूबाई शेजारणींना अभिमानाने सांगायच्या, “आमची सून रोज अमेरिकेला जाते आणि संध्याकाळी स्वयंपाकाला घरी असते.”

शेजारणी आधी हसल्या. मग एकीने विचार केला असावा, कारण एक दिवस फोनवर सासूबाई म्हणाल्या, “अगं सुमेधा, त्या जोशीबाईंचा भाचा कॅलिफोर्नियात असतो. मी गोडा मसाला पाठवतेय. जाता जाता देशील का?”

मी म्हटलं, “आई, तो माझ्या ऑफिसपासून विमानाने चार-पाच तासांवर आहे!”

त्या म्हणाल्या, “मग शनिवारी दे. घाई नाही.”

*

भाल्याची झोप हा एक वेगळाच विषय होता. विंडसरच्या घरासमोर गाडीत चढायचा, सीटबेल्ट लावायचा आणि संपलं. थंडीत नदीवरून वाफा निघायच्या, पुलाचे दिवे त्या वाफेत लोंबकळत असल्यासारखे दिसायचे, मला तर वाटायचं आपण गाडी चालवत नाही आहोत, कोणीतरी आपल्याला अलगद उचलून पलीकडे ठेवतंय. इतकं सुंदर दिसायचं! आणि मागून भाल्याचं घोरणं.

एकदा अमेरिकेच्या इमिग्रेशन बूथवर ऑफिसरने टॉर्च थेट त्याच्या तोंडावर मारला आणि विचारलं, “सर, व्हेअर डू यू लिव्ह?”

भाल्याने डोळे न उघडता नागपूरचा पत्ता सांगितला, “धंतोली.”

“व्हेअर इज दॅट?”

“बगीच्याच्या बाजूले,” भाल्या म्हणाला. मराठीतच.

आम्हाला बाजूला घेतलं. गाडीतली प्रत्येक वस्तू बाहेर काढली, अगदी माझी छत्रीसुद्धा उघडून पाहिली. भाल्या कुडकुडत फुटपाथवर उभा. प्रशांतने त्याला एवढंच विचारलं, “असं का बोललास रे?”

तर म्हणतो, “काय करू बे, मी खरंच तिथेच होतो ना! आई चहा टाकून राहिली होती. या माणसाने पाच मिनिटं उशिरा विचारलं असतं तर पिऊन आलो असतो.”

त्या दिवशी मीटिंग बुडाली, पण मला त्याचा राग आला नाही. मला त्याचा हेवा वाटला.

*

पुलाच्या मध्यावर दोन देशांचे झेंडे आहेत. ट्रॅफिक तुंबला की आम्ही बरोब्बर तिथे अडकायचो. एका धुक्याच्या सकाळी पुढचं काही दिसेना, मागचं दिसेना, खाली नदी आहे की नाही तेही कळेना. भाल्या कधी नव्हे तो जागा होता. म्हणाला, “सुमेधा, तुम्ही दोघं अमेरिकेत पोचलात. मी अजून कॅनडातच आहे.” आणि चिवड्याची पिशवी पुढे करून म्हणाला, “घ्या, एक्स्पोर्ट.”

मी हसले. प्रशांत हसला नाही. पिशवी हातात घेऊन बसून राहिला आणि मग म्हणाला, “आईला कॅनडाचा व्हिसा मिळाला. अमेरिकेचा पुन्हा नाही दिला.”

तेव्हा कुठे त्याने सगळं सांगितलं. त्याची धाकटी बहीण वैशाली ॲन आर्बरलाच राहायची. पहिलं बाळ होणार होतं. काकूंना, म्हणजे प्रशांतच्या आईला, लेकीचं बाळंतपण करायचं होतं. पहिलं बाळंतपण आईनेच करायचं, यात त्यांच्या लेखी चर्चेला जागाच नव्हती. पण कॉन्सुलेटच्या खिडकीपलीकडच्या साहेबाने त्यांना दुसऱ्यांदा परत पाठवलं होतं. आणि वैशालीला माहेरपणाला विंडसरला आणावं, तर तेही जमेना. तिच्या नवऱ्याची, निखिलची नोकरी गेली होती, नवीन कंपनीने व्हिसाचे कागद भरले होते, ते कुठेतरी अडकले होते. वकिलाने बजावलं होतं, दोघांपैकी कोणी देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत येता येणार नाही.

“म्हणजे आई इकडे येणार,” प्रशांत म्हणाला, “वैशू तिकडे असणार. आणि मधे ही.” त्याने खाली बोट दाखवलं. खाली नुसतं धुकं होतं.

*

काकू आल्या. नऊवार नाही हं, पाचवारी, वर प्रशांतचा जुना पार्का, म्हणजे थंडीचा जाडजूड कोट, पायात मोजे आणि चपला. दुसऱ्या दिवशी प्रशांत त्यांना नदीकाठी घेऊन गेला. पलीकडे डेट्रॉइटच्या उंच इमारती उन्हात चमकत होत्या.

काकूंनी विचारलं, “वैशूचं घर कुठलं?”

आता वैशालीचं घर तिथून तासाभराच्या रस्त्यावर. पण प्रशांतला सांगवेना. त्याने एका उंच इमारतीकडे बोट केलं. “ती दिसते ना आई? तिच्या मागे.”

झालं! काकू रोज दुपारी काठावर जायला लागल्या. त्या इमारतीकडे बघत बाकावर बसायच्या, निघताना हात हलवायच्या. एकदा मी त्यांच्याबरोबर होते. मला राहवेना, मी सांगलीची, माझ्या पोटात काही राहत नाही. म्हटलं, “काकू, खरं सांगू का, ते घर तिथे नाहीये हो.”

“माहितीये गं,” काकू म्हणाल्या. “वैशूने पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं. पण बघायला काहीतरी लागतं ना माणसाला.” आणि पुन्हा हात हलवून घरी निघाल्या.

*

वैशालीला मुलगी झाली. फोन आला तेव्हा काकूंनी देवापुढे साखर ठेवली, डोळे पुसले आणि पदर खोचला. म्हणाल्या, “मी जाऊ शकत नाही ना? ठीक. तुम्ही तिघं रोज जाता ना? मग बाळंतपण तुमच्या गाडीतून जाईल.”

आणि गेलं! रोज सकाळी प्रशांतच्या दोन्ही हातांत पिशव्या. डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, लसणाची चटणी, शेपूची भाजी, ज्वारीच्या भाकरी फडक्यात बांधून. ओवा, बाळंतशोपा, शेगडीवर टाकायची धुरी. माझ्या व्हॅनला असा वास यायचा की ऑफिसच्या पार्किंगमध्ये गोरी माणसं थांबून बघायची. लंचच्या वेळात आम्ही वैशालीकडे डबा पोचवायचो. ती दार उघडायची, डबा घ्यायची आणि आधी झाकण उघडून नुसती बघत राहायची.

बूथवरच्या ऑफिसरांना लाडवांची सवय झाली. पण एके दिवशी काकूंनी वेखंड पाठवलं. आपण बाळाला आंघोळीनंतर लावतो ते, घरी कुटून, वस्त्रगाळ करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. तेव्हाचे दिवस आठवा, टपालातून अँथ्रॅक्सची पावडर येण्याच्या धास्तीचे. पांढुरकी पावडर, बिनलेबलची, तिघा परदेशी लोकांच्या गाडीत, सीमेवर!

हातमोजे घातलेले दोन ऑफिसर आले. एकाने प्रशांतला विचारलं, हे काय आहे.

“फॉर द बेबी,” प्रशांत म्हणाला.

“बेबी याचं काय करते?”

“डोक्याला लावते.”

“का?”

आता आली का पंचाईत! इंजिनिअरिंगला पहिल्या वर्गात आलेली तीन माणसं एकमेकांकडे बघायला लागली. का लावतात? शेवटी मागून भाल्या म्हणाला, “सर, एव्हरीबडीज मदर डिड इट.”

दुसऱ्या ऑफिसरने पिशवी जरा उघडली, वास घेतला आणि जो शिंकायला लागला तो थांबेना. तपासणी झाली, तासभर गेला, आणि वेखंड तिथेच ठेवून घेतलं. संध्याकाळी प्रशांतने भीत भीत आईला सांगितलं.

काकू संतापल्या. “त्या साहेबाला म्हणावं, तुझ्या आईने लावलं असतं ना, तर असा शिंकत बसला नसतास!”

*

अळिवाच्या लाडवांचा डबा एकदा अर्धाच पोचला. वैशालीने फोनवर आईला विचारलं, आईने प्रशांतला विचारलं, प्रशांतने मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं.

भाल्या म्हणाला, “मला वाटलं ते सगळ्यांसाठी आहेत.”

शनिवारी काकूंनी त्याला घरी बोलावून समोर बसवलं. “बाळा, ते लाडू कशासाठी असतात माहितीये का?”

“ताकदीसाठी?”

“दूध येण्यासाठी.”

भाल्याचा चेहरा असा झाला की मी पाणी पिता पिता ठसकले. काकू शांतपणे म्हणाल्या, “घाबरू नकोस. झालंच काही, तर तुझंही करीन हो मी.”

*

थंडी ओसरली, नदीवरचा बर्फ फुटून वाहून गेला. मग वैशालीच्याच डोक्यात आलं. निखिल तिला आणि बाळाला घेऊन डेट्रॉइटच्या काठावर येईल, काकूंनी विंडसरच्या काठावर उभं राहायचं. हाक पोचणार नव्हती, पण माणूस दिसेल, ठिपक्याएवढा का होईना.

काकूंनी मुद्दाम कुंकवाच्या रंगाची साडी नेसली, पार्का काढून माझ्या हातात दिला. “गारठून जाल,” मी ओरडले. “या कोटात मी कोण आहे ते तिला कसं कळेल?” त्या म्हणाल्या. कानाला प्रशांतचा फोन, डोळ्याला भाल्याची दुर्बीण.

“दिसली!” काकू म्हणाल्या. “पिवळा स्वेटर. वैशू, तिला जरा वर धर. अगं मान धर, मान!”

आणि तेवढ्यात एक मालवाहू जहाज आलं. त्या नदीतून ही जहाजं जातात, काळी, बुटकी, आणि लांब म्हणजे किती लांब! आवाज न करता ते मधे सरकलं आणि पलीकडचं सगळं झाकून टाकलं. शहर नाही, इमारत नाही, पिवळा स्वेटर नाही. नुसती एक भिंत हळूहळू डावीकडून उजवीकडे चाललेली. फोनमधून फक्त बाळाचं उं उं ऐकू येत होतं. मला वाटलं, हे जहाज संपणारच नाही, आपण म्हातारे होऊ इथे.

काकूंनी बराच वेळ कळ काढली. मग फोन बाजूला धरला आणि समोरच्या त्या अजस्र धुडाला मोठ्याने म्हणाल्या, “अहो, सरका ना जरा!”

*

एप्रिल आला. काकूंचा व्हिसा संपत आला, परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं. बाळाला त्यांनी अजून हात लावला नव्हता. शेवटचा डबा घेऊन आम्ही निघालो होतो. प्रशांत एकदम म्हणाला, “आई काल रात्री जेवली नाही. म्हणाली, सगळं केलं रे, पण नातीला एकदा पायावर घेऊन न्हाऊ घालायचं राहिलं.” मी पुढच्या ट्रकच्या दिव्यांकडे बघत बसले.

मागून झोपेतला आवाज आला. “पण बाळाला कुठे व्हिसा लागतो?”

“झोप तू,” मी म्हटलं.

“नाही, म्हणजे,” भाल्याने जांभई दिली, “ती तर अमेरिकेतच जन्मली ना. सिटिझन आहे. आपल्या सगळ्यांत ती एकटीच कुठेही जाऊ शकते.”

मी गाडी थांबवली. खरंच, हायवेच्या कडेला थांबवली. तिघं जण रोज सीमा ओलांडणारे, व्हिसा, स्टॅम्प, एक्स्टेंशन हे ज्यांचं उठताबसता बोलणं, आणि इतक्या महिन्यांत एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं! आम्हाला कोणालाच कुठे सहज जाता येत नाही याची इतकी सवय झाली होती, की त्या चिमुरडीलाही आम्ही आमच्यातलीच धरून चाललो होतो. प्रशांत दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होता. मग माझ्या लक्षात आलं, तो हसत नव्हता.

वैशाली मात्र आधी नाहीच म्हणाली. “मी तिला एक मिनिट दूर ठेवलेलं नाहीये. मधेच काही झालं तर? मला नदी ओलांडून येताही येणार नाही.” तिचं चुकत नव्हतं. आम्ही कोणी आग्रह केला नाही. शुक्रवारी रात्री तिने स्वतःच फोन केला. “उद्या न्या. आईला म्हणावं, पाणी फार कढत नको.”

शनिवारी सकाळी निखिल आणि ती आमच्याबरोबर डेट्रॉइटपर्यंत आले. काठावरच्या पार्किंगमध्ये तिने बाळाला कारसीटमध्ये बांधलं, दुधाच्या बाटल्या प्रशांतकडे दिल्या, जन्मदाखला दिला, नोटराइज केलेलं संमतीपत्र दिलं. मग दोन पावलं मागे सरली आणि तोंड फिरवून उभी राहिली. “जा लवकर,” म्हणाली.

कॅनडाच्या ऑफिसरने संमतीपत्र नीट वाचलं, पलीकडे वैशालीला फोन लावून खात्री केली आणि सोडलं.

काकू दारातच उभ्या होत्या. मला वाटलं होतं रडतील. छे! “आण इकडे, आधी तेल लावू दे, पाणी निवतंय,” म्हणत त्यांनी बाळ उचललं ते थेट बाथरूममध्ये. साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाटावर बसल्या, पाय लांब केले, नात पायांवर पालथी घातली आणि तेल रगडायला सुरुवात केली. पाठ, दंड, तळवे. पोर आधी बावरली, मग रडली, मग त्या हातांखाली हळूहळू अशी सैल पडली की भाल्या म्हणाला, “ही माझ्यावर गेली.” काकू तिच्याशी बोलत होत्या, नाशिकच्या गोष्टी, वैशू लहानपणी कशी आंघोळीला पळायची ते. न्हाऊ घातलं, टाळूवर ओंजळीने तेल थापलं, धुरी दिली, घट्ट गुंडाळलं. मग मांडीवर घेऊन बसल्या, आणि तेव्हा मात्र त्यांच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. खिडकीतून ऊन आत आलं होतं, घरभर धुरीचा निळा धूर तरंगत होता, आणि त्या दोघी त्यात बसल्या होत्या. मी दारातून हललेच नाही. दुपारी परत निघायच्या वेळी बाळ गाढ झोपलं होतं. काकूंनीच ते उचलून गाडीत ठेवलं. “ने,” एवढंच म्हणाल्या.

अमेरिकेच्या बूथवर ऑफिसरने आमचे तिघांचे भारतीय पासपोर्ट उलटसुलट केले. कुठे राहता, कुठे काम करता, किती दिवस, शनिवारी कसे काय, सगळं विचारलं. मग बाळाचा जन्मदाखला पाहिला, मागे वाकून त्या झोपलेल्या गाठोड्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, “वेलकम होम, मॅडम.”

वैशाली पार्किंगमध्ये तिथेच उभी होती. मला वाटतं ती दिवसभर तिथून हललीच नव्हती. गाडी थांबायच्या आत तिने दार ओढलं, आत वाकली, बेल्ट काढायला हात घातला. आणि तशीच थांबली.

तिने नाक बाळाच्या टाळूवर टेकवलं. डोळे मिटले. काही केल्या वर येईना.

निखिल घाबरला. मागून म्हणाला, “काय झालं गं? बरी आहे ना ती? उचल ना!”

“थांब रे जरा,” वैशाली म्हणाली. “आई आलीय.”